फंड-उद्योग टिकवायचा, तर नियम एकच हवा

दरवर्षी अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की दिल्लीत निवेदनांची रांग लागते. कारखानदार जातात, व्यापारी जातात, बँका जातात, विमा कंपन्या जातात. म्युच्युअल फंड कंपन्यांची ‘ॲम्फी’ ही संघटना १९९५ साली स्थापन झाली. तीही आपल्या मागण्यांची यादी पाठवते. आमचा उद्योग स्पर्धेत टिकेल असे धोरण आखा, एवढेच प्रत्येकाचे सांगणे असते. त्यात गैर काही नाही. ज्याचा धंदा त्याने बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? परंतु या रांगेत एक जागा कायम रिकामी असते. ती त्या माणसाची, ज्याच्या पैशांवर हे सारे धंदे उभे आहेत : साध्या बचतदाराची.

आपल्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काही सभासद विचारतील. भाषेचा प्रश्न, शाळांचा प्रश्न, महापालिकेतील प्रतिनिधित्वाचा प्रश्न सोडून म्युच्युअल फंडांचे काय? उत्तर सोपे आहे. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांकडे जमिनी फारशा उरल्या नाहीत, आणि मोठे व्यापार आपण केले नाहीत. आपले आजोबा दरबारच्या नोकरीत होते, वडील रेल्वेत, शाळेत, बँकेत किंवा रिफायनरीत. आपली मिळकत म्हणजे पगार आणि पगारातून शिल्लक टाकलेली पुंजी. ती कोठे ठेवावी, हा आपल्या घरातील पहिला आर्थिक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बरेचसे दिल्ली-मुंबईत ठरणाऱ्या नियमांवर अवलंबून आहे. मग तो राजकीय प्रश्न नाही तर काय?

शिवाय या बाबतीत बडोद्याला बोलण्याचा थोडा अधिकार आहे. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी याच गावात अन्योन्य सहकारी मंडळी काढली. देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला त्यानंतर पंधरा वर्षे लागली. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. लोकांची बचत लोकांच्या कामी यावी आणि ती सुरक्षित राहावी, हा विचार आपल्या गावाने कोणाकडून उसना घेतलेला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास दांडिया बाजारातील एक वृद्ध भगिनी मंडळाच्या कार्यालयात आल्या. यजमानांच्या निवृत्तीचे पैसे मुदतठेवीत होते. मुदत संपली म्हणून त्या नूतनीकरणासाठी बँकेत गेल्या. तेथील ओळखीच्या तरुण अधिकाऱ्याने ‘काकू, यापेक्षा चांगली योजना आहे’ असे सांगून चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या. वर्षभराने दुसऱ्या हप्त्याची आठवण देणारे पत्र आले, तेव्हा त्यांना कळले की ती ठेव नव्हती, बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी होती. तेवढीच रक्कम दरवर्षी भरायची होती आणि पहिली पाच वर्षे पैसे हाती येणार नव्हते. पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. बँकेचे नाव आम्ही येथे देत नाही. एका शाखेला दोष देऊन विषय संपत नाही, आणि त्या मुलाचाही पूर्ण दोष म्हणवत नाही. त्याच पैशांचा म्युच्युअल फंड विकला असता, तर पहिल्या दिवशीचे कमिशन नियमानेच बंद आहे. विमा विकला की मात्र पहिल्याच वर्षाच्या हप्त्यातून घसघशीत कमिशन मिळते. पाट दोन आणि उतार एकीकडेच असेल, तर पाणी कोठे वाहणार?

आमचे म्हणणे एका वाक्यात असे : फंड-उद्योग स्पर्धेत टिकवायचा, तर त्याला सवलतींचे खतपाणी घालण्यापेक्षा बचतदाराचा पैसा मागणाऱ्या सर्वांना एकाच नियमाखाली आणा. हे आम्ही हवेत बोलत नाही. गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला की तोच धडा पुन्हा पुन्हा मिळतो.

संसदेने १९६३ साली कायदा करून युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया स्थापन केली. १९६४ साली तिची पहिली योजना आली, ती युनिट स्कीम ६४. त्या काळी मध्यमवर्गाला शेअर बाजार म्हणजे जुगार वाटे. सरकारच्या नावावर विश्वास ठेवून लोकांनी युनिटे घेतली. १९८७ पर्यंत या क्षेत्रात युनिट ट्रस्ट एकटी होती. त्यानंतर सरकारी बँका आणि विमा महामंडळे यांचे फंड आले, आणि १९९३ पासून खाजगी फंडांना दार उघडले. एकट्याच दुकानाची वाईट सवय लागली, तीही याच काळात. युनिट स्कीम ६४ ची विक्री-खरेदीची किंमत योजनेतील मालमत्तेच्या खऱ्या मूल्यावरून ठरत नसे, ती ट्रस्टच्या कचेरीत ठरे. वर्षाला चांगला लाभांश द्यायचा आणि किंमत हळूहळू चढती ठेवायची, की सारे खूश. आत किती शिल्लक आहे हे कोणी विचारत नसे, कोणी सांगतही नसे.

१९९८ साली पहिला झटका बसला. मालमत्तेपेक्षा देणे जास्त झाल्याचे उघड झाले. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सरकारने योजनेतील सरकारी कंपन्यांचे शेअर बाजारभावापेक्षा जास्त किमतीत उचलले, आणि १९९९ च्या अर्थसंकल्पात शेअरप्रधान फंडांच्या लाभांशावर तीन वर्षे करमाफी दिली. उद्योगाला हात देण्याचेच हे धोरण होते. किंमत खऱ्या मूल्याशी जोडण्याचे जे कडू औषध समितीने सांगितले होते, ते मात्र लांबणीवर पडत गेले. २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने या योजनेची विक्री आणि परतखरेदी सहा महिन्यांसाठी थांबवली. सुमारे दोन कोटी खातेदारांचे पैसे एका सकाळी अडकले. त्याच वर्षी मार्चमध्ये अहमदाबादची माधवपुरा बँक कोसळली होती. गुजरातमधील मध्यमवर्गाला २००१ हे वर्ष का विसरता येत नाही, हे वेगळे सांगायला नको. भूकंप त्याच वर्षीचा.

पुढे २००२ च्या कायद्याने युनिट ट्रस्टचे दोन भाग झाले. जुन्या हमीच्या योजना सरकारकडे गेल्या, बाकीच्या सेबीच्या नियमांखाली आल्या. युनिट स्कीम ६४ च्या खातेदारांपैकी पहिल्या ५,००० युनिटांना १२ रुपये आणि त्यापुढच्या युनिटांना १० रुपये असा भाव बांधून मिळाला, आणि मे २००३ नंतर ज्यांना हवे त्यांना ६.७५ टक्के व्याजाचे करमुक्त रोखे मिळाले. भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे पुन्हा आपल्याच खिशावर आला.

आता त्यानंतरचे पाहा. जानेवारी २००३ च्या अखेरीस देशातील सर्व फंडांकडे मिळून १,२१,८०५ कोटी रुपये होते. मे २०१४ मध्ये हा आकडा १० लाख कोटींवर गेला, ऑगस्ट २०१७ मध्ये २० लाख कोटींवर, नोव्हेंबर २०२० मध्ये ३० लाख कोटींवर, आणि मार्च २०२५ च्या अखेरीस तो ६५ लाख कोटींच्या पुढे होता. नुसत्या एसआयपीच्या मासिक हप्त्यांतून ऑक्टोबर २०२४ मध्ये २५ हजार कोटींहून अधिक रक्कम जमा झाली. ही वाढ हमीमुळे झाली नाही. हमी गेल्यावर झाली. रोजच्या रोज खरे मूल्य जाहीर करा, पैसे मागितले की ठरलेल्या दिवसांत द्या, किती खर्च कापता ते छापा, अशा कडक शिस्तीखाली झाली. बाजारातील तेजीचा यात वाटा आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण विश्वास नसता तर तेजीतही लोक दारात उभे राहिले नसते.

असे असता धोरणात अडचण कोठे आहे? शिस्त एका दुकानाला लावली आणि शेजारचे दुकान मोकळे सोडले, तेथे ती आहे.

२००९ चे उदाहरण घ्या. तोपर्यंत शेअरप्रधान फंडात शंभर रुपये टाकले की साधारण सव्वादोन रुपये प्रवेश-आकार म्हणून आधीच कापले जात आणि ते बहुतेक एजंटाकडे जात. चंद्रशेखर भावे सेबीचे अध्यक्ष असताना १ ऑगस्ट २००९ पासून हा आकार बंद झाला. एजंटाला काय द्यायचे ते गुंतवणूकदाराने स्वतः ठरवून द्यावे, असे सेबीने सांगितले. तत्त्व योग्य होते. पण विम्याच्या बाजूला तसा नियम नव्हता. युलिप म्हणजे बाजाराशी जोडलेली पॉलिसी. आत माल फंडाचाच, वरून विम्याचे वेष्टन. तिच्यावरचे कमिशन चालूच राहिले. साहजिकच विक्रेत्यांनी पाटी बदलली. रावपुऱ्यात, मांडवीत घरोघर बॅग घेऊन फिरणारे फंडांचे किती एजंट त्या दोन-तीन वर्षांत विम्याकडे वळले किंवा घरी बसले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. परदेशी कंपन्यांनीही पुढील काही वर्षांत येथील फंडांचा धंदा विकला : फिडेलिटीने २०१२ मध्ये, मॉर्गन स्टॅन्लीने त्यानंतर, मग गोल्डमन सॅक्स आणि जेपी मॉर्गन यांनी. प्रत्येकाची कारणे वेगळी असतील. पण दुकान चालवण्यापेक्षा विकणे बरे, असे एवढ्या जणांना वाटावे ही उद्योगाच्या प्रकृतीची खूण होती.

एप्रिल २०१० मध्ये सेबीने १४ विमा कंपन्यांना फर्मावले की आमच्या परवानगीशिवाय युलिप विकू नका. विमा नियामकाने सांगितले, खुशाल विका. दोन सरकारी नियामक वर्तमानपत्रांतून भांडताना देशाने पाहिले. शेवटी जून २०१० मध्ये अध्यादेश निघाला आणि युलिप विमा नियामकाकडे राहिली. त्यानंतर विमा नियामकाने युलिपवरील आकारांना मर्यादा घातली, हे खरे, आणि ते स्वागतार्ह होते. परंतु मूळ प्रश्न तसाच राहिला. माल एक, गिऱ्हाईक एक, आणि तराजू दोन.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. २००९ साली डी. स्वरूप यांच्या समितीने कमिशनची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करून गुंतवणूकदाराने सल्ल्याचे पैसे द्यावेत, असे सुचवले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या आयोगाने २०१३ साली सेबी, विमा, निवृत्तिवेतन आणि वायदेबाजार यांच्या नियामकांचे काम एका छपराखाली आणण्याची शिफारस केली. २०१५ साली माजी वित्त सचिव सुमित बोस यांच्या समितीने फसव्या विक्रीवर अहवाल दिला. गुंतवणुकीच्या भागावर आगाऊ कमिशन नको आणि सारख्या मालाला सारखा नियम हवा, हा त्याचा गाभा होता. तीन अहवाल झाले. फंडांच्या बाजूची अंमलबजावणी सेबीने केली : जानेवारी २०१३ पासून एजंटाविना घेण्याची थेट योजना आली, २०१८ साली आगाऊ कमिशन पूर्ण बंद झाले आणि खर्चाच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या. विम्याच्या बाजूला मात्र २०२३ साली योजनावार कमिशनच्या मर्यादाच काढून कंपनीच्या एकूण खर्चावर एक मर्यादा ठेवली गेली. म्हणजे एकाने चाप घट्ट केला तेव्हा दुसऱ्याने सैल केला. दांडिया बाजारातील त्या भगिनींच्या सह्या कशा झाल्या, त्याचे उत्तर येथे आहे.

कमिशनचे जे, तेच करांचे. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या कर्जरोखे फंडांवरील नफा किती वर्षे ठेवला तरी उत्पन्नात मिळवून पूर्ण दराने कर भरावा लागतो. महागाईचा दिलासा गेला. मुदतठेवीच्या व्याजाला जो नियम तोच फंडाला, असे समर्थन झाले. ठीक. मग बाजारात नोंदलेला तोच कर्जरोखा एखाद्या धनिकाने थेट विकत घेऊन वर्षभराने नफ्यात विकला तर त्याला १२.५ टक्केच कर का? थेट रोखे निवडण्याची ऐपत आणि अक्कलहुशारी मोठ्या माणसाकडे असते. छोट्या माणसाला रोख्यांच्या बाजारात शिरण्याचा रस्ता फंडातूनच जातो, आणि जकात नेमकी त्याच रस्त्यावर जास्त आहे.

शेअरप्रधान फंडात वर्षाला सव्वा लाख रुपयांवरील दीर्घकालीन नफ्यावर जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे, आणि एका योजनेतून दुसरीत पैसे हलवले तरी तो विक्री धरून लागतो. युलिपमध्ये मात्र आतल्या आत पैसे हलवले तर कर नाही, आणि वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या आत असेल तर मुदतीअखेरची रक्कमही अटींनुसार करमुक्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी गेला. विमा स्वस्त झाला, आनंद आहे. शुद्ध विम्याला सवलत हवीच, घरातील कर्त्याचा विमा ही चैन नव्हे. पण विम्याच्या वेष्टनातील गुंतवणुकीलाही ती मिळाली, आणि फंडाच्या व्यवस्थापन-शुल्कावर १८ टक्के कायम. याला स्पर्धा म्हणायची तर एकाच्या पायात बेडी घालून लावलेल्या शर्यतीलाही शर्यत म्हणावे लागेल.

येथवर आम्ही फंडवाल्यांची बाजू घेतली असे वाटेल. तसे नाही. त्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत.

पहिला शब्द खर्चाचा. शेकडा एक रुपया म्हणजे काय मोठे, असे एजंट हसून म्हणतो. हिशेब करून पाहा. एक लाख रुपये वीस वर्षे दरसाल १० टक्क्यांनी वाढले, तर सुमारे ६ लाख ७३ हजार होतात. खर्चापायी तो दर ९ टक्क्यांवर आला, तर सुमारे ५ लाख ६० हजार. फरक १ लाख १२ हजारांचा, म्हणजे मूळ रकमेपेक्षाही जास्त. तो शेकडा एक रुपया एकदाच जात नाही. दरवर्षी जातो, आणि त्याच्या पोटची व्याजेही घेऊन जातो. फंडाची रक्कम वाढली की व्यवस्थापनाचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, मग त्या बचतीचा वाटा गुंतवणूकदाराला मिळायला हवा. २०१८ च्या सुधारणेने मोठ्या शेअरप्रधान योजनांसाठी पायरीपायरीने कमी होणारी मर्यादा घातली, ५०० कोटींपर्यंत २.२५ टक्के आणि ५० हजार कोटींवरील रकमेला १.०५ टक्के, तेव्हा उद्योग बुडेल अशी ओरड झाली होती. उद्योग बुडाला नाही. त्यानंतरच्या सात वर्षांत तो दुपटीहून मोठा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये सेबीच्या मंडळाने खर्चाची नवी रचना मंजूर केली. फंडाचा स्वतःचा खर्च एका बाजूला आणि सरकारी कर दुसऱ्या बाजूला दाखवण्याची. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. कोणाच्या खिशात काय जाते, ते तरी दिसेल.

दुसरा शब्द जोखमीचा. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा कर्जरोखे योजना एका रात्रीत गुंडाळल्या. सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली गुंतवणूकदारांना रकमा परत मिळत गेल्या, पण ज्याला त्या कोविडच्या महिन्यात दवाखान्यासाठी पैसे हवे होते, त्याला नंतर मिळालेल्या पैशांचा काय उपयोग? जास्त व्याजाच्या मोहाने न खपणारे रोखे घ्यायचे आणि बचतदाराला ‘ठेवीसारखेच आहे’ म्हणायचे, हा २००१ चाच जुना रोग नव्या नावाने आला. त्यानंतर सेबीने रोखता आणि जोखीम यांचे नियम कडक केले. उद्योगाने आता ते नियम सैल करण्याची मागणी स्पर्धेच्या नावाखाली करू नये. विश्वास हेच या धंद्याचे भांडवल आहे.

नव्या फंडांना दार किती उघडे ठेवायचे, हाही धोरणाचाच भाग. २०१४ साली फंड-कंपनीला लागणारे किमान नक्त मूल्य १० कोटींवरून ५० कोटी केले गेले. भुरट्यांना आळा बसला. पण देशाच्या बचतीचा मोठा हिस्सा मोजक्या घराण्यांकडे, त्यातही बँका हाताशी असलेल्यांकडे एकवटला. निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या स्वस्त योजनांपुरत्या कंपन्यांसाठी ही अट ३५ कोटींपर्यंत सैल करणारी हलकी चौकट सेबीने अलीकडे आणली. असेच चालू द्यावे. नवा दुकानदार आला की जुना भाव कमी करतो, हे मंगळबाजारात जाणाऱ्या कोणाही गृहिणीला ठाऊक आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. अहमदाबाद आणि गांधीनगरच्या मध्ये गिफ्ट सिटी उभी आहे. सिंगापूर, दुबईला जाणारे फंड येथे यावेत म्हणून २०२० मध्ये तिला स्वतंत्र नियामक मिळाला आणि भरघोस करसवलती मिळाल्या. आपल्या मुलांना तेथे नोकऱ्या मिळाव्यात, ही आमचीही इच्छा आहे. पण येथेही तीच विसंगती दिसते. देशातील सर्व म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशी शेअरांत किती पैसे घालावेत, याला ७ अब्ज डॉलरची मर्यादा होती. ती २०२२ च्या सुरुवातीला भरली आणि अनेक योजनांना नवे पैसे घेणे थांबवावे लागले. ज्याच्याकडे मोठी रक्कम आहे तो मात्र वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रीतसर बाहेर पाठवू शकतो. महिना हजार रुपये टाकणाऱ्याला दार बंद, आणि कोट्यधीशाला महाद्वार उघडे! परकीय चलनाची काळजी रिझर्व्ह बँकेने घ्यावीच. पण मर्यादा घालायची ती उद्योगाच्या आकाराच्या प्रमाणात आणि दोघांना सारखी असावी.

एक आक्षेप आम्ही टाळू इच्छित नाही. काही जाणकार सभासद म्हणतात, कमिशन सर्वत्र बंद केले तर छोट्या गावात, जुन्या पेठेत सल्ला द्यायला येणार कोण? मोबाइलवर स्वतः फंड घेणारा तरुण वेगळा, आणि चष्मा पुसत फॉर्म वाचणाऱ्या आजोबा वेगळे. या म्हणण्यात तथ्य आहे. एजंट शत्रू नाही. मृत्यूनंतर वारसाच्या नावावर युनिटे करून देण्यासाठी चार खेपा घालणारा माणूस अनेक घरांना आधार वाटतो. म्हणूनच आम्ही कमिशन शून्य करा असे म्हणत नाही. द्या, पण दिसेल असे द्या. पहिल्या वर्षी ओंजळभर नको, जितकी वर्षे सेवा तितकी वर्षे थोडे थोडे द्या. आणि फंड, विमा, ठेव यांत फरक ठेवू नका. मोठ्या तीस शहरांबाहेरच्या नव्या गुंतवणूकदारांसाठी आणि नव्या महिला गुंतवणूकदारांसाठी वितरकाला २,००० रुपयांपर्यंत जादा मोबदला देण्याचे सेबीने २०२५ च्या अखेरीस ठरवले, ते आम्हाला रास्त वाटते. मात्र आधीच्या अशाच सवलतीचा गैरवापर झाल्यामुळे ती २०२३ मध्ये थांबवावी लागली होती, हे विसरू नये.

तेव्हा मंडळाच्या वतीने आमच्या मागण्या अशा :

१. गुंतवणुकीचा भाग असलेल्या प्रत्येक योजनेला, ती फंडाची असो वा विम्याची, कमिशन, खर्च आणि माहिती देण्याचे नियम एकच असावेत. नियामक दोन असले तरी चालेल, तराजू एक हवा.

२. करांतही तेच. विम्याच्या संरक्षणाच्या भागाला सवलत द्या, गुंतवणुकीच्या भागाला फंडाप्रमाणेच कर लावा. कर्जरोखे फंडाला नोंदलेल्या रोख्यांच्या बरोबरीने वागवा.

३. बँकेच्या शाखेत साठ वर्षांवरील व्यक्तीला ठेवीऐवजी दुसरी योजना विकताना वेगळा, ठळक, एका पानाचा कागद त्या व्यक्तीच्या भाषेत द्यावा. त्यात तीनच गोष्टी असाव्यात : पैसे कधी मिळतील, तोटा होऊ शकतो का, आणि विकणाऱ्याला किती मिळणार. गुजरातेत तो गुजरातीत असेल, पण मागितला तर मराठीतही मिळावा.

४. परदेशी गुंतवणुकीची मर्यादा उद्योगाच्या वाढीशी जोडावी.

५. अर्थसंकल्पपूर्व चर्चांना उद्योगांबरोबर बचतदारांच्या प्रतिनिधींनाही बोलवावे.

आपले मंडळ कोणत्याही पक्षाचे नाही, पण राजकारणाकडे पाठ फिरवणारेही नाही. हे निवेदन आपल्या खासदारांना आणि संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीला पाठवले जाईल. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मंडळांनाही प्रत पाठवत आहोत. त्यांनी आपापल्या खासदारांकडे ते न्यावे. पन्नास पत्रांची दखल घेतली जाणार नाही, पण पाच हजार पत्रे आली तर घ्यावी लागेल.

तोवर प्रत्येक घराने एक काम स्वतः करावे. येत्या रविवारी कपाटातील जुनी फाइल काढा. कोणत्या कागदावर कोणाचे नाव, वारसाची नोंद आहे की नाही, पत्ता जुन्या वाड्याचा तर नाही, एवढे पाहा. विस्मृतीत गेलेल्या फंडांचा शोध घेण्यासाठी २०२५ साली ‘मित्र’ ही सोय सुरू झाली आहे. ती कशी वापरायची ते कार्यालयात मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दाखवले जाईल. आणि ठेवीच्या नूतनीकरणाला घरातील वडीलधारे एकटे जाणार असतील, तर सोबत जा. सरकारचे नियम बदलायला वेळ लागेल. सह्या करण्याआधी ‘हे काय आहे?’ असे विचारायला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही.